सुमनची चिठ्ठी

शुक्रवार, संध्याकाळ

पास्टरजींनी सिनेमा दाखवला, पोराला माफ करणाऱ्या बापाचा. अर्धं चर्च रडलं. तिथंच थांबायचं होतं. पण चर्चेसाठी नेहमीसारख्या बिननावाच्या चिठ्ठ्या मागितल्या: कुणाला माफ करता येत नाही?

त्यातली एक त्यांनी माझ्या हाती दिली. "दीदी, ये मराठी में है। आप हिंदी में पढ़ दीजिए।"

चार घड्यांची चिठ्ठी. चर्चमध्ये मराठी दोघीच, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. लिहिलं होतं, "आई जाताना मला बोलावत होती का? ताई सांगत नाही. तिला माफ करता येत नाही."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. मी वाचलं, "माँ आखिर तक मुझे बुलाती रही, मैं नागपुर से नहीं आई। खुद को माफ नहीं कर पाती।"

काहून केलं असं? आईचं हगणंमुतणं मी काढलं, आणि तिच्या तोंडी आठ दिवस एकच नाव, सुमन. म्हणूनच तर तिला नागपूरला फोन केला नाही मी.

सगळ्यांनी वळून सुमनकडे पाहिलं. पास्टरजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

गेटवर तिनं माझा हात धरला. वाटलं, आता भांडते. पण तिचा चेहरा लहान पोरीसारखा उजळलेला.

"म्हणजे बोलावत होती नं, ताई?"

चार घड्यांची ती चिठ्ठी माझ्या मुठीत होती.

"नाही गं," मी म्हटलं, "ते मी मनचं जोडलं."