शनिवारचं तेल

शनिवार, २ फेब्रुवारी १९७४

हाताचा वास जात नाही! साबण झाला, राख झाली, चिंच झाली. त्याआधी गाडीपाशी हाताला लागलेल्या फडक्याला खसाखसा पुसून झालं. तरी बोटं नाकाशी नेली की सडकं अंडं आणि जळका टायर. जेवताना उचललेला घास परत ताटात ठेवला. लुगडं बदललं, गोळा करून परटाच्या बोचक्यात टाकलं. वास आहेच.

आठवडाभर गाडी गिअर बदलताना दात खात होती. आज सकाळची शाळा सुटल्यावर राजेसाब मिस्त्रींना घरीच बोलावलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच स्कूटरला मागे एक जादा चाक जोडून तिची तीनचाकी केली – माझ्या डाव्या पायासाठी. लहानपणच्या तापात तो पाय गेला. चाळीस वर्षांची होईपर्यंत मी कुणाच्या ना कुणाच्या सोबतीनं शाळेत जात होते. आता एकटी जाते. किक तेवढी मला मारता येत नाही. ती रोज सकाळी जोतीराम भावजी मारून देतात.

मिस्त्रींनी खाली घमेलं ठेवलं आणि नट काढला. काय ते बाहेर आलं! तेल नव्हेच. राखाडी, पातळ, भांडी घासलेल्या पाण्यासारखं. आत काहीतरी चमचमत होतं.

"चांदी वाटते ना, मास्तरीणबाई? गिअरचे दात हायत ते. झिजले."

चिमटीत धरून बोटं लांब केली. "बघा, तार धरत न्हाई. कुटलं तेल घातलं हे?"

सुटं तेल. दिवाळीत भावजींनीच कॅनमधून आणून घातलं होतं. ट्रकचं जळकं तेल गाळायचं, दाट दिसावं म्हणून काकवी ओतायची, झालं नवं! मिस्त्रींनी कागद मागितला. मी कथेचं रद्द केलेलं पान दिलं. त्यावर एक थेंब या घाणीचा, एक त्यांच्या कुपीतल्या चांगल्या तेलाचा. चांगला थेंब सोनेरी, जागेवर बसला. आमचा थेंब पसरत गेला, कडेनं पाण्याचं वर्तुळ. खाली माझं वाक्य होतं – "तिच्या मनात निर्मळ पहाट उगवली." वाचून अंगावर काटा आला. तेलानं नव्हे.

हे पंपावरून नव्वद नंबरच्या तेलाचा सीलबंद डबा आणायला निघाले, तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, उंबऱ्यात आडव्या.

"आज शनवार हाय. तेल घरात यायचं न्हाय."

"अहो, गाडीचं तेल ते. त्याला कसला शनिवार?"

"तेल ते तेल! साडेसाती काय इचारून येती व्हय?"

ह्यांनी चपला काढल्या. "एका दिवसानं काय बिघडतंय." संपलं. या घरात हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे.

मिस्त्री हसले. "चांगलंय की. रातभर गळू द्या, सगळी घाण निगून जाईल. उद्या दुपारी येतो. पण बाई, तोवर किक मारायची न्हाई. गिअरची पेटी रिकामी हाय. घरात समद्यांना सांगा." आणि किकला लाल चिंधी बांधली. मिस्त्री लोकांची ती रीतच – चिंधी असेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, आणि ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची.

ते गेल्यावर घमेलं मीच मोरीत नेऊन ओतलं, परत गाडीखाली सरकवलं. हिंदकळलं. म्हणून हे हात.

आत्याबाईंना सांगितलं. ह्यांनाही सांगितलं, भावजी आले की त्यांच्या कानावर घाला.

रविवार, ३ फेब्रुवारी

गाडी मेली.

पहाटे मित्राला स्टँडवर सोडायला भावजी घेऊन गेले. अक्कलकोट नाक्यापर्यंत गेली, किंचाळली आणि मागचं चाकच जाम! नऊ वाजता दोघं ढकलत घेऊन आले. मित्राची एस.टी. चुकली ती चुकलीच.

"चिंधी दिसली नाही तुम्हाला?"

"कसली चिंधी, वैनी?"

"किकला बांधलेली. लाल."

"न्हवती. आईच्यान न्हवती!"

बरोबर आईच्याच देखत आईची शपथ. ह्यांच्याकडे पाहिलं. "सांगायचं राहून गेलं," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. राहून गेलं!

अंगणात, मोरीत, नालीत शोधलं. चिंधी कुठेच नाही. म्हणजे सोडली आणि टाकून दिली. माझ्या लग्नात हा मुलगा आठ वर्षांचा होता. मी याला बाराखडी शिकवली.

दुपारी मिस्त्री डबा घेऊन आले. गाडी पाहिली, चाकाला हात लावला. डबा परत घेऊन गेले.

सोमवार, ४ फेब्रुवारी

नळावर आत्याबाई म्हणाल्या, "मिस्त्रीनं तेल न घालताच गाडी दिली की. ह्या लोकांचं असंच." 'ह्या लोकांचं' म्हणजे कुणाचं, ते गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं. मी बादली भरत होते. किळस आली. बादली भरली, घेऊन आत आले. काही बोलले नाही – त्याचीही आली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

रिक्षानं शाळा. उतरताना पाय मुरगळला. रिक्षावाल्यानं दंडाला धरलं, घट्ट, गरजेपेक्षा जास्त वेळ. तीन वर्षं हे विसरले होते.

बुधवार, ६ फेब्रुवारी

वाईट झालं. राजेसाब मिस्त्री बसवराज अण्णांच्या लोखंडाच्या दुकानाच्या ओट्यावर काम करतात. अण्णांनी त्यांना शनिवारपर्यंत ओटा सोडायला सांगितला आहे. "माझ्या दारातला माणूस गाड्या मोडतो म्हणून शुक्रवार पेठभर झालं," म्हणाले म्हणे. ही बातमी भावजींनीच सांगितली, भाकरी कुस्करत. वर आनंद असा की अण्णांचा तीनचाकी टेंपो पहिल्या तारखेपासून भावजींच्या हातात येणार आहे! ड्रायव्हरची नोकरी. आत्याबाईंनी देवाला साखर ठेवली.

"भावजी, तुम्ही अण्णांना खरं का सांगत नाही?"

"काय खरं? चिंधी न्हवती, हेच खरं. मला काय सपान पडलंवतं पेटी रिकामी हाय म्हणून?"

"आणि ते कॅनमधलं तेल?"

भाकरी कुस्करणं चालू.

ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, अण्णांशी बोला. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देऊ?" बरं. मिस्त्रींच्या पोटावर दिलेला चालतो. त्यांच्या बायकोला, माजिदाला, कमाई बंद होऊन नणंदेच्या घरी जाऊन राहावं लागलं तरी एका दिवसानं काय बिघडतंय!

या घराची, ह्यांची, उष्ट्या ताटाची, सगळ्याची शिसारी आली आहे. आपण कथांमधून बायकांना धीट करतो. स्वतः नळावर बादली भरतो.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

बोलले!

शाळा सुटल्यावर चालत दुकानात गेले. दहा मिनिटांची वाट, मला अर्धा तास लागला. ओट्यावर मिस्त्री हत्यारं पोत्यात भरत होते. भावजी टेंपोच्या काचेवर फडकं मारत होते, आत्तापासूनच! दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं.

"अरे, मानसिंगरावांच्या घरच्या आल्या. खुर्ची द्या," अण्णा म्हणाले.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"अण्णा, मिस्त्रींचा काही दोष नाही. पेटी रिकामी आहे, किक मारू नका, असं ते बजावून गेले. आमच्याकडे शनिवारी तेल आणत नाहीत म्हणून रिकामी राहिली. किकला त्यांनी लाल चिंधी बांधली. मी डोळ्यांनी पाहिली."

"मग?"

"भावजींनी ती सोडली."

टेंपोवरचा हात थांबला. "वैनी!"

"वाऱ्यानं सुटली म्हणता का?"

"मी सोडली न्हाई. न्हवतीच तितं. वैनी, तुमच्या पायाची शपथ –"

"कुठल्या पायाची?" गिऱ्हाइकांतला एकजण म्हणाला. दोघं-तिघं हसले. भावजींचं तोंड काळंठिक्कर पडलं. माझंही पडलं असेल. पण मी मागे हटले नाही.

मिस्त्री मधेच म्हणाले, "जाऊ द्या बाई. पोरगं हाय. चिंधीचं काय, सुटती बी कवा कवा."

"तुम्ही गप्प बसा मिस्त्री. तुम्ही गप्प बसता म्हणून हे होतं."

अण्णा गल्ल्यावरून उठले. मग पोत्यातला पाना काढून मिस्त्रींच्या हातात दिला. "लाव परत जागेवर." आणि भावजींकडे वळून – "किल्ली ठेव. चूक कुणाकडनंबी हुती. चिंधी सोडून वर खोटं बोलणाऱ्याच्या हातात माझी गाडी न्हाई."

भावजींनी किल्ली गल्ल्यावर ठेवली. आवाज झाला नाही इतक्या हलक्या हातानं.

परत येताना पाय ठणकत होता, पण वाटलं, आज पहिल्यांदा लिहिल्याप्रमाणे वागले.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी मात्र माझ्याच हातची खातात. हे बोलतात, ते न बोलल्यासारखं.

भावजी सकाळच्या गाडीनं नातेपुत्याला गेले, मामाच्या शेतावर. ट्रंक घेऊन. निघताना माझ्या पाया पडले. मी 'सुखी राहा' म्हणाले. त्यांनी वर पाहिलं.

"वैनी, तेल मी वाईट आणलं. ते कबूल हाय. चिंधीचं न्हाई."

अजून तेच! शेवटपर्यंत! मला वाटलं, निदान एवढं तरी मोकळेपणी कबूल करून जातील. पायावरची त्यांची बोटं झटकावीशी वाटली. झटकली नाहीत. पण वाटलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मिस्त्रींनी पेटी उघडली. दोन गिअर गेले होते, एक त्यांनी घासून बसवला, एक नवा. आज पंपावरचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. "बघून घ्या बाई. सील बघायचं, नंबर बघायचा, चिमटीत तार बघायची. कुणावर इसंबायचं न्हाई – माज्यावर बी न्हाई." तेल मधासारखं. वरच्या भोकातून ओतत राहायचं, आणि बाजूच्या छोट्या भोकातून थेंब गळायला लागला की थांबायचं. मीच ओतलं.

वास घेतला. तोच! सडकं अंडं, टायर. म्हणजे चांगल्या तेलालाही हाच वास असतो. मला वाटत होतं, घाण त्या भेसळीची आहे.

मिस्त्रींनीच किक मारली. गिअर गुपचूप पडले. मग हात पुसत, सहज म्हणाले, "बाई, त्या दिशी मी गाठ सरकती मारली हुती. आमी तशीच मारतो. नुसतं वढलं की फडकं हातात. पोराला एवढं नका धरू मनात."

"सरकती असो की पक्की, सोडायची नव्हती ना?"

"ते बी खरं," म्हणाले. किती मऊ माणूस! ज्यानं पोटावर मारलं त्याचीच बाजू घेतो. या माणसावर कथा लिहायला हवी. चिंधीपासून सुरुवात.

बुधवार, १३ फेब्रुवारी

सकाळी किक कोण मारणार? हे दाढी करत होते. शेवटी मीच उजव्या पायानं मारायला गेले आणि डावा लचकला. भिंतीला धरून उभी राहिले. नकळत तोंडातून गेलं, "भावजी –"

कथेची दोन पानं झाली. खोटं बोलणाऱ्या दिराचं वर्णन फार चांगलं उतरलं आहे.

शनिवार, १६ फेब्रुवारी

सकाळी परटीण काशम्मा कपडे घेऊन आली. वर माझं दोन तारखेचं लुगडं, त्यावर एक लाल चिंधी – धुऊन, घडी घालून.

"बाई, ही तुमच्या लुगड्याच्या गोळ्यात हुती. कमरंला खोचलेली राहिली वाटतं. लई तेल! तीनदा उकळली."

घडी मोडली. गाडीपाशी हात पुसले ते हेच फडकं. एका टोकाला दोऱ्या निघाल्या आहेत, किकला घासून. नाकाशी नेली. वास अजून आहे.

कथा फाडली. चिंधी पिशवीत घेतली आहे. आधी बसवराज अण्णांचं दुकान – गिऱ्हाइकं असतानाच. मग साडेबाराची नातेपुत्याची एस.टी.