दादाचा खोकला आणि माझं ज्येष्ठमध

३ मार्च
दादाचा खोकला तिसऱ्या आठवड्यात. डॉक्टरीणबाईंच्या सिरपनं काडीचा फरक नाही. आजपासून केस माझ्या हातात. ज्येष्ठमधाचा काढा, सकाळ-संध्याकाळ. आईवडिलांमागे त्यानं मला वाढवलं, नोकरीला चिकटवलं. आता माझी पाळी.
जडीबुटीवाला म्हणाला, बीपीच्या माणसाला रोज देऊ नका, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. दादाला बीपी आहे, गोळ्याही चालू आहेत, पण दुकानदारच गिऱ्हाइकाला घाबरवायला लागला तर झालंच! विचारणार नाही.

९ मार्च
खोकला निम्म्यावर! दादा म्हणाला, "बरं वाटतंय रे." लगेच दोनाचे तीन पेले केले. पोस्टात एकतीस वर्षं पत्रं निवडली. कुठली गोष्ट कुठे जायची, मला कळतं.

२१ मार्च
दादाच्या पायांवर बाळसं. घरातल्या चपलेचा पट्टा लागत नाही. काढा अंगी लागतोय. त्याच्या मुलीला फोनवर कळवलं, तब्येत सुधारली.

२ एप्रिल
बीपीचं मशीन १८० दाखवतंय. मशीन जुनं. सेल बदलले. १८४. सेल डुप्लिकेट निघाले.

९ एप्रिल
पोटऱ्यांत गोळे. दादाला खुर्चीतून उठवेना. म्हणाला, "आज काढा राहू दे का?" म्हटलं, औषध मध्येच सोडायचं नसतं. जरा लागलंच मनाला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पेला रिकामा केला.

११ एप्रिल, दुपार
दादा मोरीत पडला. हॉस्पिटल. रक्तात पोटॅशियम फार कमी, हृदयाचे ठोके चुकताहेत. डॉक्टरांनी विचारलं, घरगुती काही घेतात का? मी नाही म्हणालो. काढा म्हणजे काही औषध नव्हे.

१२ एप्रिल
झोप नाही. सांगून टाकायचं ठरवलं. सकाळी चूर्णाची बरणीच घेऊन गेलो. डॉक्टर भडकले. यानंच बीपी चढतं, अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाहून जातं. त्यात यांना लघवीची गोळी चालू. कुणी दिलं हे?
मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "मीच आणलं, मीच घ्यायचो. ह्याला काही माहीत नाही."
त्याची मुलगी आली होती, ती त्याला ताडताड बोलली. तो ऐकून घेत होता. मोठ्या भावाचं बोलणं खोडून काढणं बरं दिसत नाही. नाही खोडलं.

२० एप्रिल
मुलगी दादाला स्वतःच्या घरी घेऊन गेली. काठी धरून चालतो. तेवढीच हवापालट. टॅक्सीत बसताना म्हणाला, "वेळेवर जेवत जा."

२७ एप्रिल
आठ दिवस मनाची तयारी करून पुतणीला फोन केला. काढा मी देत होतो, म्हणालो.
ती म्हणाली, "माहितीये, काका. खोकला लागल्यापासून बाबा जिना उतरले नाहीत. आणतील कुठून?"
मग तो पीत का राहिला, विचारलं.
"मीही तेच विचारलं. म्हणाले, रिटायर झाल्यापासून तो पहिल्यांदाच सकाळी हौसेनं उठत होता. नको कसं म्हणू?"

रविवारी भेटायला या, म्हणाली. येताना काही आणू नका.