मागच्या सीटवरच्या मिसेस प्रॉसर

लडलो, गुरुवार दुपार

प्रिय ह्यू,

माझ्या सहलीची मंडळी किल्ला बघायला गेली आहेत आणि मी गाडीत बसून तुला लिहिते आहे. खरं तर त्यांच्याबरोबर जायला हवं होतं, पण आज मला धड उभं राहवत नाही की बसवत नाही. मघापासून दोनदा उतरून टायर बघून आले. टायरला काय होणार आहे? फोन करू शकले असते, पण फोनवर तू विषय बदलतोस. कागदावरून उठून जाता येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. आई माझ्या सहलीवर आली आहे. मला भेटायला म्हणून नाही, प्रवासी म्हणून. रीतसर पैसे भरून, माहेरच्या आडनावाने: मिसेस म्युरिएल प्रॉसर. माहेरच्या आडनावाला मिसेस लावलंय, म्हणजे आजोबांशीच लग्न लावून मोकळी झाली! सोमवारी सकाळी बाथच्या स्टेशनबाहेर मी पाटी धरून उभी होते. बाकी सगळे आले, आणि शेवटी भर जुलैत निळा कोट घालून, थर्मास काखेत मारून आपली आई. मी आ वासून बघत राहिले. ती म्हणते कशी, "गुड मॉर्निंग. मी मिसेस प्रॉसर. मागची खिडकी मिळाली तर बरं, पुढे बसलं की मला मळमळतं." आणि डोळ्यांनीच मला दटावलं, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले. आपल्या घरात तेवढी एकच गोष्ट सगळ्यांना उत्तम जमते.

ती का आली असेल, याचा अंदाज यायला मला फार वेळ लागला नाही. शेत. दुसरं काय? तुला ठाऊकच आहे, सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाच्या आत जमिनीच्या मालकाला उत्तर द्यायचं आहे. आता सोडलं तर येत्या वसंतात मोकळं, नाहीतर भाडेपट्टा आणखी पाच वर्षं गळ्यात. बाबा गेल्यापासून ती ते शेत तुझ्यासाठी धरून बसली आहे, दर ख्रिसमसला तू न्यूझीलंडहून फोनवर "पुढच्या वर्षी बघू" म्हणतोस, आणि घोंगडं तसंच भिजत पडतं. मला वाटलं, तुझी आशा सुटली आणि मोर्चा आता माझ्याकडे वळला. या वयात पहाटेच्या अंधारात गोठ्यात? मी, जिच्या पायाला भिंगरी आहे म्हणून बाबा डोक्याला हात लावायचे? त्या दिवशी मी वेल्स गावाचा रस्ता चुकले, ह्यू. गेली कित्येक वर्षं मी त्या रस्त्यावर गाडी चालवते आहे.

आणि ही बाई मागे खुशाल बसलेली. वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये दर पाव तासाला घड्याळातले लाकडी घोडेस्वार गरगरा फिरतात ना, ते पुन्हा पुन्हा बघायला ती पुढचा तासभर तिथेच थांबली. मी घाई केली तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी पैसे भरलेत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती इथे कधी आलेलीच नाही. घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे वेल्स. पण दोन वेळा दूध काढायचं असलं की माणसाला दुपारच्या जेवणाएवढंच लांब जाता येतं. आत्ता गाई शेजारच्या क्लेमंटवर सोपवून आली आहे, आणि कमाल म्हणजे त्याला एकदाही फोन केलेला नाही.

मंडळी तिच्यावर फिदा आहेत. बायबरीत मी नेहमीसारखी मधाच्या रंगाच्या दगडी घरांचं कौतुक सांगत होते, तर मागून आवाज: "देखणी आहेत, पण जानेवारीत आत राहून बघा म्हणावं." मेलबर्नहून आलेली थेल्मा नावाची एक विधवा बाई आहे, आवाज असा की कावळे उडावेत. तिची आणि आईची गट्टी जमली आहे. दोघी मागे बसून खिदळतात, मी आरशातून बघितलं की गप्प होतात. रोज संध्याकाळी मला वाटायचं, आता बोलेल. ती फक्त "गुड नाईट, ड्रायव्हर" म्हणायची आणि थेल्माबरोबर शेरीचा पेला घ्यायला जायची. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला या आठवड्यात कळलं.

काल स्नोझिलजवळ शेतातल्या पायवाटेने सगळ्यांना चालवत नेलं. ऊन चांगलंच होतं. एका कुरणाचं फाटक उघडं होतं. सगळे पलीकडे गेल्यावर मी ते लावून घेतलं, अगदी कडी घालून. डोक्यात वेगळंच चाललेलं. तोच मागून आवाज आला. तो आवाज तुला माहीत आहे.

"लिनेट मेरेडिथ! उघडं होतं ना ते? मग उघडंच ठेवायचं. मेंढ्या पाण्यावर कुठून जाणार, तुझ्या डोक्यावरून? फाटक जसं सापडलं तसं सोडावं, एवढंही तुझ्या बापाने शिकवलं नाही का?"

सगळे जागच्या जागी थांबले. मिनेसोटाचे मिस्टर हॅल्वर्सन, निवृत्त दातांचे डॉक्टर, फार सभ्य गृहस्थ, टोपी काढून म्हणाले, "म्हणजे या तुमच्या...?"

"मुलगी," आई म्हणाली. "काय करणार!"

"मला वाटलंच!" थेल्मा ओरडली. "दोघी सारख्याच फुरफुरतात!"

सगळे हसले, आईसुद्धा. माझा मात्र ताबा सुटला. फाटक उघडलं आणि तिथेच, परक्या माणसांसमोर, तिला म्हणाले, "आता बोलून टाक एकदाचं. ते शेत मी घेणार नाही. मेले तरी घेणार नाही."

आईने थर्मास काखेत नीट बसवला. मग म्हणाली, "तुला कोण देतंय? महिन्याभरात गाईंना गाडीत घालून सहलीला निघशील."

मिस्टर हॅल्वर्सननी सगळ्यांना पुढे नेलं, देव त्यांचं भलं करो. आई कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवर बसली, थर्मासमधला चहा मला दिला आणि म्हणाली, "मलाही नकोय ते, लिन." इतक्या साध्या आवाजात, की मला आधी कळलंच नाही. म्हणाली, "तुला फोन केला की तू घाईत, म्हणून तिकीट काढलं. गाडी तूच चालवणार, म्हणजे पळून कुठे जाशील?" तिला उत्तरेचा समुद्र बघायचा आहे. थेल्माकडे मेलबर्नला जायचं आहे. गुडघे चालताहेत तोवर जमेल तेवढं फिरायचं आहे. पावसाळी पहाटेला बूट चढवताना आता तिला रडू येतं, म्हणाली. आई आणि रडू! मी तिला बाबांच्या अंत्यविधीतही रडताना पाहिलं नव्हतं. गंमत बघ, इतकी वर्षं ज्या घरापासून मी लांब पळाले ते जाणार म्हटल्यावर मीच रडायला लागले, आणि ती माझी पाठ थोपटत बसली.

मी म्हणाले, मग देऊन टाक ना उत्तर, अडलंय कुठे? तर मान हलवून म्हणाली, "ते ह्यूचं आहे. मी सोडलं आणि त्याने यायचं ठरवलेलं असलं तर? पोराला परत यायला घर नको?" मी विचारलं, तू त्याला सरळ विचारलंस कधी? ती म्हणाली, "असं कसं विचारायचं? त्याला वाटेल मी हाकलतेय." आणि तू तिला सांगत नाहीस, कारण तुला वाटतं तिचं काळीज फाटेल. ती तुझ्यासाठी थांबली आहे, तू तिच्यासाठी खोटं बोलतो आहेस, आणि तिकडे क्लेमंट दूध काढतोय.

मला माहीत आहे तू येणार नाहीस. नायरीने तुम्हा नवराबायकोच्या नव्या घराचे फोटो पाठवले तेव्हाच समजलं. अंगणात लिंबाची रोपं लावणारा माणूस पुढच्या वर्षी परत येत नसतो, आणि त्याबद्दल माझा तुझ्यावर काडीचाही राग नाही. काल हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण माझ्याकडून ऐकून तिचा विश्वास बसणार नाही. म्हणून हे पत्र. मिळेल त्या दिवशी तिला फोन कर आणि "नाही" म्हण. हवेपाण्याबद्दल बोलू नकोस, गाईंची चौकशी करू नकोस, आणि "बघू" तर मुळीच म्हणू नकोस. तुझ्या "बघू"वर तिने नऊ हिवाळे काढले आहेत. ती गप्प होईल, कदाचित रडेलही. फोन ठेवू नकोस, रडू दे तिला. पुढच्या मे महिन्यात माझी उत्तरेच्या समुद्राकाठी, व्हिटबीला सहल आहे. आज सकाळी तिने मला एक जागा धरून ठेवायला सांगितली. "पण पक्की करू नकोस," म्हणाली, "आधी ह्यूचं कळू दे." मला ती जागा पक्की करायची आहे, ह्यू.

तुझीच,
लिनेट