नवमीचं कुंकू

राजेंद्र नगर, इंदूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. उन्मेष,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. सूनबाईला, अबोलीला, दिवस गेल्याचं कळल्यापासून तुझ्या आईचे पाय जमिनीवर नाहीत. परवा खजरान्याच्या गणपतीला नवस बोलून आली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कुरियरने.

खंडेनवमी नेहमीसारखी झाली. सरदार पणजोबांची तलवार, माझं रिव्हॉल्व्हर, आणि आजोबांनी खाण घेतल्यापासून तिथली अवजारंही पाटावर. यंदा मी खाणीतला विषारी वायू मोजणारं गॅस मीटरही घरी आणलं. त्याच्या हवा आत घेणाऱ्या जाळीशी आई थबकली.

"अहो, ह्या जाळीवर पण लावायचं का? उन्मेष तर मना करायचा नं."

"उन्मेष गेला आता," मी म्हटलं. "लाव."

लावलं तिने, बोटभर ओलं कुंकू.

शुक्रवारी खाणीत कामाची पाळी सुरू झाली. ज्याच्या खांद्यावर बसून तू पहिल्यांदा खाण पाहिलीस, तो तुकोजी तोंडाशीच थांबला. "साहब, हवा ठीक नी लग री." मी मीटर दाखवलं. आकडा शून्य. वर त्याला डरपोक म्हणालो. त्याने सलाम केला आणि आत गेला. अर्ध्या तासाने सापडला, भिंतीला टेकून बसलेला. काल अग्नी दिला. आईला अजून सांगितलेलं नाही.

लोक त्याला बाहेर आणत होते तेव्हा मी मीटरची कुंकवाने बुजलेली जाळी रुमालाने पुसली. बत्तीस वर्षं फौजेत काढली, कधी पाठ दाखवली नाही. तिथे दाखवली.

बुधवारी चौकशी आहे. मॅनेजर कोण, असं विचारणार. कागदोपत्री अजून तूच आहेस. खाणीतल्या हवेवरून भांडून जूनमध्ये तू राजीनामा दिलास, तो मी खणातच ठेवला, वर खाण खात्याकडे पाठवलाच नाही. राग उतरला की येशील असं वाटलं रे. तो सोबत पाठवतोय. त्यावर माझी सही आणि मिळाल्याची तारीख आहे. रुमालही पाठवतोय.

मी खरं सांगणार आहे. आत्ता तरी तसंच वाटतंय. पण वकील सकाळपासून बाहेरच्या खोलीत बसलाय, आणि मुलगा हल्ली कुठे असतो, हे त्याने दोनदा विचारलं. दोष तुझ्यावर ढकलायचा त्याचा बेत मला कळला, तरी दुसऱ्यांदा मी त्याला लगेच नाही म्हणालो नाही.

माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही, उन्मेष. मी बुधवारी काहीही बोललो, तरी ह्या दोन वस्तू तुझ्याकडे असू देत.

रुमाल धुऊ नकोस.

तुझे बाबा,
रघुवीर