पिवळ्या झग्यातली पाहुणी

४ जुलै
पोचले एकदाची लेवुकाला, बालगृहातल्या नव्या नोकरीवर! बोटीत ओकून ओकून जीव गेला, पण इथला हवेशीर व्हरांडा पाहिला आणि शीण पळाला. मुलं नऊ. कुणाचे पाय अधू, कुणाची छाती. सगळ्यांत नाजूक उनाईसी. चार पावलांत धाप लागते, पण तोंड बंद नाही. मला बघून म्हणाली, "मावशी, तू केवढी जाडी! उशीच लागायची नाही." मोठ्या बाई लावेनियांनी तिला माझ्याच स्वाधीन केलं. झोपवताना गालाला नाक लावून वास घेतला, आपल्या बेटांवर मायेने घेतात तसा. खोबरेलाचा वास. लळाच लागला मेलीचा.

९ जुलै
सुवात फ्लूची साथ आहे. म्हटलं, उद्या तिथल्या चर्चच्या बायकांना येऊ देऊ नका, उनाईसी तगायची नाही. मोठ्या बाई उखडल्या. "पाहुण्यांच्या तोंडावर फाटक लावू? लाज सोडलीय का आपण?"

१० जुलै
आल्या. गाणी, चटया, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, आणि प्रत्येक मुलाच्या गालाला नाक. पिवळ्या झग्यातली एक तर सारखी खोकत होती. पाहुण्याला नाव विचारायची आपली रीत नाही. उनाईसीला मात्र मी आधीच कोठीत लपवलं होतं. मोठ्या बाई मला शिष्ट म्हणाल्या. म्हणोत!

१४ जुलै
पाच मुलं तापाने फणफणलीत. त्यांतला नाचरा इलाई सकाळी गेला. मोठ्या बाई ऊर बडवताहेत. आता रडा! उनाईसी कोठीतच आहे. खिडकीला फळ्या ठोकल्या, दाराला कुलूप. मला कणकण आहे, म्हणून ताटसुद्धा दारातूनच सरकवते.

१६ जुलै
आणखी दोघं गेली. संतापून सुवाला त्या चर्चच्या बायकांना फोन केला, त्या खोकणारीचं नाव विचारलं. त्या चक्रावल्या. म्हणाल्या, पिवळ्या झग्यातली ना? ती तर तुमच्याच घरातली. आम्ही आलो तेव्हा ती दारात उभी होती.

१७ जुलै
व्हरांड्यात खोकला. भरदुपारी. वळले तर कुणी नाही— आजारी मुलांच्या गालांना ओल, नुकतंच कुणी नाक टेकल्यासारखी—

१८ जुलै
ताप. कोठीच्या दाराला पाठ लावून बसलेय. किल्ली माझ्या मुठीत. ये आता, सटवे—

उनाईसी आत हसतेय. म्हणते, मावशी, गुदगुल्या होतात—

कशाने गं, विचारलं. म्हणाली, तू तर बाहेर आहेस ना, मग माझ्या गालाला नाक कोण ला—