तेरा डिसेंबरची नोंद

९ ऑक्टोबर १९८९, सोमवार
खंडेनवमी. कॉलेजात संगणकाची पूजा झाली, आणि केमिस्ट्रीच्या तराजूच्या आधी झाली. हे मी घडवून आणले.
हार पडद्यावर टिकेना, म्हणून की-बोर्डभोवती घातला. कुंकू कुठे लावायचे हा प्रश्न आला. तो भिकुबाईने सोडवला. ती कक्षाची झाडलोट करते. खोक्याच्या पुढच्या बाजूला एक चौकोनी बटण आहे. तिथे तिने बोट टेकवले. जागा योग्य निवडली. यंत्र बसवून गेलेल्या माणसाने त्या बटणाविषयी काहीतरी सांगितले होते. आठवत नाही. तेव्हापासून मी खोक्यावर पाटी लावली आहे: 'या बटणास कोणीही हात लावू नये.' मी स्वतः पाळतो.
भिकुबाई म्हणाली, सर, आते रोज लावसू. मी म्हणालो, लाव.

१ डिसेंबर, शुक्रवार
रुपचंद उलटला. फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर, वय चोवीस. पुण्याच्या मित्राकडून फ्लॉपीवर बेसिक या संगणकभाषेची नवी आवृत्ती घेऊन आला. ३.२. जानेवारीपासून मुलांना हीच शिकवू म्हणतो. म्हणजे माझी २.० म्हातारी.
प्राचार्यांसमोर विचारले, वेगाचे काय? म्हणाला, फारसा फरक नसेल सर. विचारले, मोजला आहे? म्हणाला, नाही.
प्राचार्य म्हणाले, पितांबर सर, तुम्हीच मोजा. तेवीस तारखेला जळगावला शिक्षकांचे संगणक चर्चासत्र आहे, तिथे मांडा. ज्याचे खरे ठरेल, त्याच्याकडे नव्या वर्षापासून कक्षाची किल्ली.
किल्ली सत्त्याऐंशीपासून माझ्याकडे आहे. कक्षात एक यंत्र, एक पंखा, एक गालिचा. आत येताना प्राचार्यांनाही बूट काढावे लागतात. मराठीच्या प्राध्यापकासाठी कॉलेजात दुसरीकडे कोणी बूट काढत नाही.

३ डिसेंबर, रविवार
योजना तयार. आपण लिहिलेला प्रोग्राम बेसिक एकेक ओळ वाचते आणि यंत्राला समजावते. याला इंटरप्रिटर म्हणतात. मी दुभाष्या म्हणतो. जुना दुभाष्या मितभाषी आहे. नवा पाल्हाळिक असणार. फ्लॉपीवर त्याने व्यापलेली जागाच पाहा.
दोघांना एकच प्रोग्राम द्यायचा: मूळ संख्या शोधणे. रोज दुपारी एक वाजता. एक दिवस जुनी आवृत्ती, एक दिवस नवी. रुपचंद म्हणाला होता, दोन्ही एकाच दिवशी पाठोपाठ चालवा. यात डाव आहे. तापलेल्या यंत्राचा फायदा दुसरीला मिळतो.
वेळ यंत्राला विचारायची नाही. आरोपीची साक्ष आरोपीने द्यायची नसते. झुलाल सरांकडून स्टॉपवॉच आणले. सेकंद जवळच्या दहात लिहायचे. ते खेळ शिकवतात. म्हणाले, कोण पळणार आहे?
सौ. म्हणाली, घरातले घड्याळ दसऱ्यापासून बंद आहे, आधी त्यात सेल घाला.
उद्या घालतो.

४ डिसेंबर, सोमवार
जुनी. दोन मिनिटे शून्य सेकंद. यंत्रावरचा हिरवा दिवा पूर्ण वेळ लागलेला.

५ डिसेंबर, मंगळवार
नवी. तीन मिनिटे वीस सेकंद.
पुन्हा लिहितो. तीन मिनिटे वीस सेकंद. हिरवा दिवा लागलाच नाही. नव्या आवृत्तीला साधा दिवाही लावता येत नाही.

९ डिसेंबर, शनिवार
आठवडा पूर्ण. जुनी तिन्ही दिवस दोन मिनिटे. नवी तिन्ही दिवस तीन वीस. जुनीला दिवा, नवीला अंधार. इतका स्वच्छ निकाल मी पीएच.डी.च्या प्रबंधांतही पाहिलेला नाही. (माझा अपूर्ण आहे. तो जानेवारीत घेतो.)
रुपचंदला मोजणीची वही दाखवली. त्याने पाने मागेपुढे केली. म्हणाला, सर, फरक फार जास्त आहे. मी म्हणालो, सत्य जास्तच असते. म्हणाला, एकदा दोन्ही पाठोपाठ चालवून बघू या का? पुन्हा तेच. मी म्हणालो, बूट घाला आणि तासाला जा.

१३ डिसेंबर, बुधवार
भिकुबाई नाही. कक्ष झाडलेला नाही, चहा नाही. लक्ष लागले नाही.
जुनी. तीन वीस. दिवा नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार
नवी. दोन मिनिटे. दिवा लागला.
कोणीतरी फ्लॉप्यांची लेबले बदलली आहेत. कोण, हे लिहिण्याची गरज नाही.
भिकुबाई परत आली. वरणगावला भाचीचा साखरपुडा होता. पेढा दिला. कुंकू लावले, चहा केला. तिच्याकडून नियमितपणा शिकावा.

१५ डिसेंबर, शुक्रवार
लेबले तपासली. बदललेली नाहीत. तरी फ्लॉप्या कालपासून घरी नेतो. पोह्यांच्या डब्यात ठेवल्या. सौ. म्हणाली, पोहे मग कशात ठेवू, संगणकात?
जुनी. तीन वीस.
जेवलो नाही. म्हणजे अर्धे जेवलो.

१६ डिसेंबर, शनिवार
आज नवीची पाळी. पण जुनीला आणखी एक संधी दिली. नियम मीच केले, मीच मोडू शकतो.
दोन मिनिटे. दिवा लखलखीत.
जुन्या माणसांवर विश्वास टाकला की ती उठून उभी राहतात.

२१ डिसेंबर, गुरुवार
या आठवड्यात सगळे सुरळीत. सोमवारी आणि बुधवारी नवी, तीन वीस. मंगळवारी आणि आज जुनी, दोन मिनिटे.
आता आकड्यांवर संस्कार. तेरा, चौदा, पंधरा या तारखा वगळल्या. कवितेत न बसणारी ओळ आपण काढतोच, तसे. त्यांच्यावर पेन्सिलीने हलकी रेघ मारली. उरलेल्यांची सरासरी काढली. जुनी एक मिनिट वीस सेकंदांनी सरस. आलेख काढला, लाल आणि निळ्या शाईत. लालची रेघ खाली, निळी वर. दोन्ही सरळ. सौ.ला दाखवला. म्हणाली, छान, पण घड्याळ?

२२ डिसेंबर, शुक्रवार
दुपारी मोजणी नाही. यंत्र गोधडीत बांधले. सकाळचे कुंकू पुसले जाऊ नये म्हणून बटणावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवला. उद्या पहाटे जीप. झुलाल सर स्टॉपवॉच परत मागत होते. म्हणालो, परवा. जळगावहून आल्यावर ते स्टॉपवॉच ऐतिहासिक होईल.

२३ डिसेंबर, शनिवार. जळगाव
मी पडदा मांडीवर घेतला, रुपचंदने खोके. वाटभर ते दोन्ही हातांनी धरून बसला. हरण्याची तयारी करत असावा.
सभागृहात साठ-सत्तर शिक्षक. आधी मी आलेख दाखवला. टाळ्या पडल्या. रुपचंदही टाळ्या वाजवत होता, हे नोंदवतो. मग प्राचार्य म्हणाले, आता दोन्ही इथेच चालवून दाखवा. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना.
जुनी. सभागृह शांत. दोन मिनिटे झाली. मी स्टॉपवॉच कानाला लावले. अडीच. कोणी खोकले. तीन. दिवा बंद. तीन वीस.
नवी. पुन्हा सगळे शांत बसले. तीन सतरा. सगळ्यांसमोर दहात बसवता येईना.
मी म्हणालो, इथल्या विजेचा दोष आहे. पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. सुकदेवभाऊ, एका डाळ मिलमध्ये संगणक सांभाळतात. म्हणाले, विजेचं नाही हो भाऊ, तुमचा टर्बो बंद आहे. बटण दाबा ना. मी पाटी वाचून दाखवली. ते म्हणाले, पाटी कोणी लावली? मी म्हणालो, मी. मागच्या रांगांत हशा.
त्यांनी प्लास्टिक काढले आणि बटण दाबले. हिरवा दिवा लागला. त्यांचे बोट लाल झाले. ते बोटाकडे पाहत राहिले, मग रुमालाला पुसले. ते बटण वेगाचे असते म्हणे. दाबले की वेग वाढतो, पुन्हा दाबले की उतरतो.
जुनी दोन मिनिटे. नवी एक अठ्ठावन्न.
दोन सेकंद. दोन सेकंदांना वेग म्हणत नाहीत. मी तसे उभा राहून सांगितले. तोवर चहाची सुट्टी झाली होती.
परतताना पारोळा आले. मग रुपचंद म्हणाला, सर, इथे चहा घेऊ.
घेतला. पैसे त्याने दिले. ही लाच असू शकते.

२६ डिसेंबर, मंगळवार
साडेदहाला कक्षात जाऊन बसलो. भिकुबाई आली. झाडले, हात धुतले, करंडा उघडला. बोट बटणावर टेकवले आणि नीट दाबले. दिवा गेला.
मी ओरडलो. ती दचकली. विचारले, पाटी दिसत नाही? म्हणाली, दिसस ना. तुम्हीच सांगेल शे, हात लावानं नही. मी कोठे हात लावस? मी कुंकू लावस. विचारले, तिथेच का? म्हणाली, तठे कोणी हात लावस नही. म्हणून पुसास नही.
 

२७ डिसेंबर, बुधवार
रुपचंदने वही मागून नेली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांना समजावत होता. भिकुबाई रोज एकदा बटण दाबते. म्हणून एक दिवस यंत्र जलद, एक दिवस संथ. सर एक दिवसाआड आवृत्ती बदलतात. म्हणून जुनी नेहमी जलद. फक्त तेराला ताई आल्या नाहीत. तिथून सगळे उलटले. सोळाला सरांनी जुनीच पुन्हा चालवली, तिथून सुलटले.
वगळलेले आकडे त्याने कसे वाचले? पेन्सिल हलकी होती.
प्राचार्य दारात उभे होते. म्हणाले, तेराला भिकुबाई आली नव्हती? रुपचंद गप्प झाला. उशिरा गप्प झाला.
हजेरीपट मागवला. तेरा तारखेला तिची सही आहे.

२८ डिसेंबर, गुरुवार
प्राचार्यांनी बोलावले. वही टेबलावर उघडी. म्हणाले, पितांबर सर, नोंद काटेकोर आहे. हजेरीपट खोटा, तुमचा तक्ता खरा. जानेवारीत तिला कायम करायचे होते, आता विचार करावा लागेल. तेरा तारखेच्या नोंदीखाली सही करून द्या. असा टिपणारा माणूस सोडायचा कशाला? किल्ली राहू द्या तुमच्याकडे.
कॉलेजात प्रथमच माझ्या आकड्यांवरून कारवाई होते आहे. मी म्हणत होतोच, तक्ता खरा आहे. परवा सही देतो म्हणालो. शाई चांगली हवी.
भिकुबाई कक्षात आली. म्हणाली, सर, सही दुसरा रोज करी मी. चुकनं. मग यंत्राकडे पाहून विचारले, हाई मशीन बठ्ठं सांगस का? मी म्हणालो, सगळे सांगते, विचारणारा हवा.
तिने बटणावर दोनदा कुंकू लावले. दिवा गेला, आला.
रात्री रुपचंद घरी आला. म्हणाला, मी फक्त गणित सांगत होतो हो. सौ.ने पोहे दिले. फ्लॉपी निघाली तीही दिली.

२९ डिसेंबर, शुक्रवार
सही करायची. तत्त्वाचा प्रश्न आहे. आकडा खरा असेल तर खरा म्हणायचे. जळगावला साठ लोक हसले, त्यांना हे कळले पाहिजे.
झुलाल सर स्टॉपवॉच घेऊन गेले. शिपाई बन्सीलालने सांगितले, भिकुबाई सकाळपासून चहासुद्धा प्यायली नाही.
सौ.ला सगळे सांगितले.  घड्याळात सेल तिनेच घातला.

३० डिसेंबर, शनिवार
लेखी दिले: तेरा डिसेंबरची नोंद चुकीची आहे. मोजणाऱ्याचे लक्ष नव्हते.
प्राचार्यांनी विचारले, आणि बाकीच्या नोंदी? म्हणालो, त्याही. म्हणाले, म्हणजे तक्ता रद्द? म्हणालो, रद्द. त्यांनी हजेरीपट मिटला. मग हात पुढे केला. मी किल्ली दिली.
दुपारी कक्षात रुपचंद होता. पाटी काढली होती. भिकुबाईला कुंकवासाठी पंख्याचे बटण दाखवत होता. मी पाटी मागून घेतली. मागची बाजू कोरी आहे.
भिकुबाईने विचारले, सर, आते तुम्ही कोठे बसशात? म्हणालो, मराठी विभागात.
तिथे बूट काढावे लागत नाहीत. आज चुकून काढले.
मोजणीची वही फाडली. मी चुकीचा म्हणून लिहून दिलेला तेराचा आकडा बरोबर होता.