कालेजची सोयरीक आणि माझं घर

प्रसेनजित, तुझ्या तीन पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांची धूळ मी पुसते. आणि तुझ्या पोरीसाठी परवडणारं कालेज शोधायला चौथी नापास म्हातारी लागली. हे आधी लिहून ठेवते. आता कायद्याचं.

मी, भिमाबाई भाऊराव हिवराळे, वय आधारकार्डावर एकाहत्तर, खरं कोणालाच माहीत नाही, धंदा सोयरिका जमवणे, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, अक्कल ठिकाणावर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता (कोणी दाबायला यावंच, मजा पाहते) हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. शुद्धलेखन शेजारच्या निवृत्त शिक्षिका सिंधूताईंनी तपासलं. शिव्या त्यांनी खोडल्या. काही मी परत लिहिल्या.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या, न्हाणी आणि मागचा कडुनिंब, माझ्या नावावर आहे. मुलगा प्रसेनजित ते गहाण टाकून नात महामाया हिला डोनेशनवाल्या कालेजात घालणार होता. कारण काय, तर तिथल्या एजंटानं त्याला चहा पाजला, डायरी दिली आणि 'सर' म्हटलं. तर हे घर मी महामायेला देते. जित्ती आहे तोवर मी सही देत नाही, मेल्यावर तुले मागता येणार नाही. संपलं.

कलम दोन. माझी निळी वही. तिच्यात पुढून एकसष्ट लग्नं आहेत आणि मागून तेवीस कालेजं. नवरदेव पाहणं आणि कालेज पाहणं एकच, हे मला मे महिन्यात कळलं आणि मी दोन दिवस हसत होते. आजवर पोरीच्या बापानं हात जोडून विचारायचं, तुमची अपेक्षा काय? आता मी फोन लावते आणि म्हणते, "पोरगी ब्याण्णव टक्क्याची हाय. नेता, तं काय देता?"

पहिल्या कालेजचा बाबू म्हणाला, "आजी, मेरिट स्कॉलरशिपला किमान नव्वद गुण लागतात."

"नव्वद? बापा! आमच्यात गुण पाहत नाहीत, पण जे पाहतात त्याहीचे बी छत्तीसच्या वर जात नाहीत."

तो इतका हसला की त्यानं फोन थेट साहेबाकडे दिला.

वही महामायेनं कपाटात ठेवू नये. गावात ज्या पोरीचा निकाल लागेल तिच्या हाती द्यावी. विचारायचं ते असं. 'शंभर टक्के फी माफ' म्हणता, ते पहिल्याच सालापुरतं का चारही साल? मार्क घसरले तर पोरीला सांभाळून घेता का घरी धाडता? खाणंराहणं त्यात का वेगळं? लेखी देता का? पगार सांगणारा नवरदेव असो की फी माफ करणारं कालेज, कपात विचारावी. 'नंतर पाहू' म्हणणाऱ्याला पोरगी देऊ नये. सरकारी शिष्यवृत्ती वेगळी, ती हक्काची. तिचा फॉर्म भरावा, उपकार मानू नयेत.

तेवीसपैकी एकोणीस 'नंतर पाहू'वाले निघाले. तिघं पहिल्या सालावर अडले. पुण्याकडच्या एकानं चारही साल, जेवणासकट, लेखी कळवलं. मोबाईलवर ते आलं तेव्हा मी आणि महामायेनं अंगणात फुगडी घातली. माझा गुडघा त्या दिवसापासून वेगळा राहतो. पस्तावा नाही.

प्रसेनजित म्हणाला, "आई, फुकट देऊन राह्यले म्हणजे त्या कालेजात काहीतरी खोट असंन."

"काऊन? तुयं लग्न मी बिनहुंड्याचं लावलं. सुचितात काय खोट निंघाली, सांग."

सुचिता, म्हणजे सूनबाई, तिथंच गॅसपाशी लाटणं घेऊन उभी होती. तो जेवला आणि उठला.

कलम तीन. दोन्ही बकऱ्या सुचिताला. मागच्या गल्लीतली रुखमाबाई माझी पितळी परात बारा वर्षांपासून 'आणून देते' म्हणते. परात जाऊ द्या, ते भांडणही सुचिताला देते; तिच्या हातात वाढेल.

कलम चार. प्रसेनजितला त्याच्या पदव्या, चौकटीसकट, आणि एक फडकं.

कलम पाच. शिलाई मशीन सिंधूताईंना द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून मशीन महामायेला. जास्त शिकलं की असं नुकसान होतं.

माझ्यामागे बुद्धवंदना झाली की सगळ्यांनी आधी जेवावं. रडायचं त्यानं नंतर रडावं, उपाशीपोटी आवाज निघत नाही.

सही: भिमाबाई भाऊराव हिवराळे (अंगठा नाही, सही आहे, नीट पाहा)

साक्षीदार: १. सिंधूताई खरात, निवृत्त शिक्षिका. २. नारायणराव देशमुख, निवृत्त पोस्टमन.

ठिकाण मोताळा. शनिवार, १२ जुलै २०२५.

ता. क. हे मेल्यावर नाही, आजच वाचावं. सोमवारी अकरा वाजता त्या पुण्याकडच्या कालेजचा फोन येणार आहे. ते पालकाला एकच विचारतात: पोरीला चार वर्षं मधातून काढून तर नेणार नाही? त्यावर जागा पक्की होते. तेवीस ठिकाणी मी बोलले. इथं मी बोलणार नाही, सिंधूताई नाही, महामायाही नाही. प्रसेनजित, बाप तू आहेस. फोन तू उचल, उत्तर तू दे.